पेटी माळ्यावर, टीव्ही भिंतीवर

घराचं काम काढायचं ठरलं की पहिला प्रश्न बजेटचा. दुसरा टाइल्सचा. तिसरा, दिवाळीच्या आत होईल का? या घरात कोण राहतं आणि ती माणसं दिवसभर करतात काय, हे मात्र कुणीच विचारत नाही.

मग लाखो रुपये खर्चून घर नवं होतं आणि माणसं त्यात अवघडून बसतात.

पुणे घ्या, ठाणे घ्या, नाशिक घ्या. पंधरा-वीस वर्षं जुना टू बीएचके. डिझायनर लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवतो. चित्रात सोफा आहे, मागून उजेड सोडलेली टीव्हीची भिंत आहे, छताला पीओपीची नक्षी आहे. दप्तर नाही, औषधांचा डबा नाही, वाळत घातलेले कपडे नाहीत. माणूसही नाही.

सही त्याच चित्रावर होते.

हॉलमधली सगळ्यात मोठी भिंत टीव्हीला जाते. तिथे आधी पुस्तकांचं कपाट होतं. ते 'थीममध्ये बसत नाही'. पुस्तकं खोक्यात, खोकी माळ्यावर. पेटी माळ्यावर. कॅरम बोर्ड पलंगामागे. शिलाई मशीन 'आता कोण वापरतं?' म्हणून देऊन टाकलं जातं.

आई वापरत होती. तिला कुणी विचारलं नाही.

माळ्यावर चढलेली वस्तू पुढच्या रंगकामालाच खाली उतरते, हे आपण सगळे जाणतो. तोवर पेटीचा भाता फाटलेला असतो आणि दोन-चार सूर मुके झालेले असतात. दुरुस्त करून घेऊ म्हणतात. ज्या घरात पेटी ठेवायला जागाच उरलेली नाही, तिथे दुरुस्त करून आणलेली पेटी ठेवणार कुठे?

छंदाला स्वतंत्र खोली हवी, हा समज खोटा आहे. मुंबईत ती मिळणारही नाही. छंदाला हवा असतो तो पसारा तसाच ठेवता येईल असा एक कोपरा. अर्धं चित्र रात्रभर टेबलावर राहिलं पाहिजे. ब्लाउजची एक बाही शिवून झाली, दुसरी उद्या, तर कापड मशीनखालीच राहिलं पाहिजे. दर वेळी बाहेर काढा, मांडा, पुन्हा आवरा असं झालं की छंद महिन्याभरात बंद पडतो.

आणि आपण म्हणतो, हल्ली वेळच मिळत नाही.

वेळ मिळत नाही हे खरंच. पण अर्धा तास मिळाला आणि त्यातली वीस मिनिटं सामान काढण्या-ठेवण्यात गेली, तर तो वेळ खाल्ला कुणी? फोल्डिंग टेबलानं. भिंतीत दुमडणाऱ्या पलंगानं. 'मल्टिपर्पज' म्हणून माथी मारलेल्या त्या खोलीनं.

पुस्तकांचं कपाट करायचंच ठरवलं, तर सुतार ते कपड्यांच्या कपाटाच्या मापानं करतो. दीड फूट खोल. मग पुस्तकांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग कायमची विस्मृतीत जाते. मराठी पुस्तकाला दहा इंच खोली भरपूर झाली. फळीची लांबीही बघा. फूटभर रांगेतली पुस्तकं आठ-दहा किलो भरतात. तीन फुटांहून लांब फळीला मध्ये आधार नसेल, तर ती वाकणारच.

दहा इंच. एवढी जागा तर सोफ्याच्या पाठीमागेही निघते.

बाल्कनीचं तर बोलायलाच नको. हॉल मोठा दिसावा म्हणून ती आत घ्यायची. परवानगी घेतली नसेल तर ते बेकायदा, ही गोष्ट निराळी. पण त्या बाल्कनीत तुळस होती, मोगरा होता, आजोबांची खुर्ची होती, कपड्यांच्या दोऱ्या होत्या. हॉल चार फुटांनी वाढला. आजोबांनी सकाळी बसायचं कुठे?

तर त्या वाढलेल्या हॉलमध्ये, टीव्हीसमोर.

आजोबांवरून आठवलं. बाथरूम. नूतनीकरणात सर्वाधिक चुका इथे होतात आणि त्यांची किंमत मोजतात ती म्हातारी माणसं. दुकानात चकचकीत टाइल सुंदर दिसते. पाणी सांडलं की तीच टाइल खुब्याचं हाड मोडते. जमिनीला खडबडीत, मॅट टाइल घ्या. कमोडशेजारी धरायला दांडा लावा. 'आत्ता कुठे गरज आहे' म्हणून तो लावत नाहीत. गरज पडते त्या दिवशी पुन्हा टाइल फोडावी लागते.

आणि बाथरूमचं दार. ते आत उघडतं. आत माणूस पडला तर तो दाराला टेकूनच पडतो आणि बाहेरच्यांना दार ढकलता येत नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करायला असा कितीसा जास्त खर्च येतो? काहीच नाही म्हटलं तरी चालेल. डिझायनर हे सांगत नाही, कारण चित्रात कुणी पडत नाही.

आता काम सुरू होतं आणि घरातलं पहिलं भांडण पेटतं. साइटवर थांबणार कोण?

उत्तर ठरलेलं आहे. बायकोनंच थांबायचं. तिची रजा, तिचं वर्क फ्रॉम होम, तिची रियाझाची सकाळ. नवरा संध्याकाळी येऊन विचारतो, "एवढंच झालं दिवसभरात?" गवंड्यानं ओटा दोन इंच उंच बांधला तर चूक तिची. प्लंबर आला नाही तरी चूक तिची.

पैसे दोघांचे, घर दोघांचं, मग पहारा एकटीचाच का?

साइटवर माणूस लागतो हे खरं आहे, आणि काही दिवशी तर लागतोच लागतो. प्लायवूड येईल त्या दिवशी. स्वयंपाकघर आणि बाथरूमसाठी पाण्याला टिकणारं प्लाय ठरलं असेल, तर प्रत्येक शीटवर आयएस ७१० चा शिक्का हवा. एकदा त्यावर लॅमिनेट चिकटलं की आत काय गेलं हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. दुसरा दिवस वॉटरप्रूफिंगनंतर पाणी उभं करण्याचा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. तिसरा, वायरिंग भिंतीत बुजवण्याच्या आदल्या दिवसाचा. बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना आठवण होईल.

हे दिवस आधी वाटून घ्या. एक तुझा, एक माझा, एक मोठ्या मुलाचा. मग बाकीच्या दिवसांत कुणाच्या रजा जळणार नाहीत आणि कुणाचा रियाझही.

राहत्या घरात काम काढायचं तर एका खोलीला शेवटपर्यंत हात लावू द्यायचा नाही. एक खोली पूर्ण बंद. दाराला खालून ओलं फडकं, वरून प्लास्टिक. तिथे गाद्या, औषधं, वह्या, पेटी, तबला आणि एक टेबल. ठेकेदार म्हणेल, सगळ्या खोल्या एकदम दिल्या तर लवकर होईल. काम त्याचं लवकर होईल, हाल तुमचे होतील.

सगळं घर एकदम उघडणाऱ्यांनी सरळ भाड्यानं दुसरीकडे राहावं. तेवढे पैसे नसतील तर कामच थोडं कमी करावं. पीओपी गेलं तर काय बिघडलं? एरवीही त्यानं खोलीची उंचीच खाल्ली असती. झुरळांना राहायला जागा झाली असती, ती निराळीच.

धुळीबद्दल आपण कमालीचे बेफिकीर आहोत. दारं-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट कोरडाच खरवडतात आणि तिथेच बाजूला पोर खेळत असतं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत हवं, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं होतं, कुणी सांगावं? ती धूळ पोटात गेली की मुलाच्या मेंदूवर परिणाम होतो. पाणी मारून घासायला सांगा आणि तेवढे दिवस मुलांना आजोळी पाठवा.

पोरांना आजोळी पाठवता येतं. टाइल कापणाऱ्याचं काय?

तो बसतो बंद बाल्कनीत, तोंडाला फार तर रुमाल. ग्रॅनाइट आणि टाइल कोरडी कापली की उडते ती सिलिकाची धूळ. तिनं सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही. पाणी सोडून कापायला मशीन मिळतं, नीट मास्क मिळतो. ठेकेदाराला करारातच सांगा. 'ते लोक वापरत नाहीत हो' हे उत्तर ऐकून घेऊ नका. तुमच्या फरशीसाठी त्याच्या फुफ्फुसांनी किंमत मोजू नये.

आणखी एक. चाळीस हजारांचा कमोड पसंत करायला आपण तीन दुकानं फिरतो. तो बसवणाऱ्या माणसानं दिवसभर जायचं कुठे, हे विचारतो का? सोसायटीच्या नोकरांच्या शौचालयाला कुलूप असतं. जुनं बाथरूम फोडायच्या आधी कामगारांची सोय कुठली, हे ठरलंच पाहिजे. प्यायचं पाणीही.

याला मोठेपणा म्हणत नाहीत. ही किमान माणुसकी आहे.

शेजाऱ्यांनाही घर असतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करणारी बांधकामाची यंत्रं वापरायला बंदी. भिंत फोडायची हिल्टी चालू झाली की ५५ डेसिबल वगैरे विसरा. म्हणून बहुतेक सोसायट्यांनी दुपारची विश्रांतीची वेळ ठरवलेली असते. ती पाळा. वरच्या मजल्यावर कुणाची मुलगी बारावीला असेल तर जिना चढून जा, बेल वाजवा, फोडाफोडी कोणत्या दिवशी आहे ते सांगा. तेवढे दिवस ती मुलगी अभ्यासिकेत जाईल. न सांगता भिंत फोडलीत तर तिचे अभ्यासाचे दिवस वाया जातील.

आता वळू त्या गृहस्थाकडे, ज्याचा छंदच घराचं काम आहे.

हा प्रकार वाढतोय, आणि मला तो मनापासून आवडतो. रविवारी ड्रिल मशीन काढून फळी लावणारा बाप मुलांनी बघावा. मुलीच्या हातात लेव्हल द्यावी, मुलाला स्क्रू आवळायला शिकवावं. आपल्याकडे शिकलेल्या माणसानं हातोडी धरायची नाही, हा जुना रोग आहे. तो असा बरा होत असेल तर उत्तमच.

पण हौसेला कुंपण हवं.

रंग द्या, फळ्या लावा, जुनं टेबल पॉलिश करा, शू रॅक बनवा. बोर्डाच्या आतली वायर आणि बाथरूमच्या खालचं पाणी, या दोन्हींना हात लावू नका. घरात २३० व्होल्ट खेळतात. तिथे परवानाधारक वायरमनच हवा, आणि त्याच्याकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे झटका बसताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. गळतीचंही तसंच. तुमच्या हौसेचं पाणी खालच्या काकूंच्या देवघरावर टपकता कामा नये.

आणि हौशी माणसाचा सगळ्यात मोठा दुर्गुण म्हणजे अर्धवट ठेवणं. एक भिंत रंगवली, दुसरीला लांबी लावून ठेवली, तिसरी पुढच्या रविवारी. पुढचा रविवार क्रिकेटमध्ये जातो. बायको-मुलं लांबी लागलेल्या भिंतीला पाठ न टेकता सहा महिने वावरतात. तुमचा छंद तुमच्या वेळात चालू दे, पण ज्या खोलीत चौघं राहतात तिला शेवटची तारीख हवी. हौस असेल तर गॅलरीतल्या स्टुलावर काढा. स्वयंपाकाच्या ओट्यावर नको.

भिंती पाडायची हौस मात्र कुणालाच नसावी. ना घरमालकाला, ना ठेकेदाराला.

२५ जुलै २०१७. घाटकोपरची साई दर्शन ही चार मजली इमारत सकाळी कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चाललं होतं आणि त्यात इमारतीच्या आधाराला धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवरची माणसं त्या कामात नव्हतीच. ती आपापल्या घरात होती.

म्हणून सोसायटीकडे परवानगी मागायला जाताना कपाळाला आठ्या घालू नका. कुठली भिंत नुसती आडोशाची, कुठल्या भिंतीवर भार, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच सांगायचं. 'काही होत नाही साहेब, शंभर ठिकाणी केलंय' असं म्हणणारा ठेकेदार एकशे एकाव्या ठिकाणी तुम्हाला भेटलेला असतो.

त्याच ठेकेदाराचं दुसरं आवडतं वाक्य: "बिल हवं असेल तर अठरा टक्के वर."

इथेच आपण घसरतो. जीएसटी वाचला म्हणून खूश होतो. सहा महिन्यांनी ट्रॉली निखळते, भिंतीला ओल येते, फोन लागत नाही. तेव्हा हातात काय असतं? व्हॉट्सअॅपवरचा एक अंगठा. ग्राहक आयोगात जायला वकील लागतोच असं नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. पण कागद लागतो. काय काम, कुठलं मटेरियल, किती दिवसांत, उशीर झाला तर काय, हप्ते कधी. एका पानात मावतं.

आणि अॅडव्हान्स कमीत कमी द्या. सत्तर टक्के आधीच दिले की उरलेल्या तीस टक्क्यांसाठी पुन्हा कुणी जिने चढत नाही.

राहता राहिला मुहूर्त. 'गणपती झाले की काढू, दिवाळीच्या आत आटपू.' दर वर्षी हजारो घरांत हाच बेत ठरतो आणि दर वर्षी फसतो. साधा हिशेब करा. अनंत चतुर्दशी झाली की पंधरवडाभर पितृपक्ष. त्यात नवं काम सुरू करायला बरीच घरं तयार नसतात. मग नवरात्राचे नऊ दिवस, घट बसलेल्या घरात फोडाफोड कोण करणार? दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत उरतात वीस दिवस. वीस दिवसांत जुनं पाडायचं, पाइप टाकायचे, वॉटरप्रूफिंग वाळू द्यायचं, टाइल्स, सुतारकाम, रंग?

सिमेंटला दिवाळी कळत नाही. त्याला पाणी पिऊन घट्ट व्हायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतात.

मग घाई होते. ओल्या भिंतीवर रंग चढतो, पाणी उभं करून बघायचं राहून जातं. फराळाचे डबे वाळूच्या पोत्यांशेजारी ठेवायची वेळ येते. आणि तरीही काम संपत नाही, कारण दिवाळी जशी तुमची तशी सुताराचीही असते. तो गावी जातो. जाईलच. त्यालाही मुलं आहेत. नंतर थोडं काम होतं न होतं तोच फेब्रुवारी उजाडतो. बारावीची परीक्षा, मागोमाग दहावीची. घरात कुणी त्या वर्षाला असेल तर मुलगा एका हातात पुस्तक आणि दुसरा हात कानावर, असा बसतो.

म्हणून सांगतो, यंदा दिवाळीचा नाद सोडा. जुन्या भिंती स्वच्छ झाडून, पणत्या लावून सण साजरा करा. हिवाळ्यात माप घ्या, दर काढा, एका पानाचा करार करा. परीक्षा आटोपल्या की एप्रिलमध्ये काम सुरू करा. होळीला गावी गेलेले सुतार परतलेत ना, तेवढं आधी विचारा. एक खोली बंद ठेवा, पेटी त्या खोलीत ठेवा. पावसाच्या आत संपवा. आणि शेवटचा हप्ता जूनचा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर, भिंतीला हात लावून बघून मगच द्या.